अपस्माराचं संशोधन: काय कळलं, कुठे चुकलं, पुढे काय?

तुमच्यापैकी बरेच जण आत्ता पेटची तयारी करत असतील, किंवा पेट निघाली पण सिनॉप्सिसपाशी गाडी अडली असेल. अशा वेळी एक शब्द सगळ्यांना छळतो: रिसर्च गॅप. मलाही छळला. मी झेब्राफिशवर काम करते. माशाच्या पिल्लांमध्ये रसायन वापरून फिट आणायची आणि नवीन संयुगांनी ती थांबते का ते बघायचं, असं रोजचं काम. पहिली दोन वर्षं मी गॅप शोधला तो फक्त गेल्या पाच वर्षांच्या पेपरांत. पण मी ज्या आजाराचा अभ्यास करते त्याच्या संशोधनात नेमकं काय घडत आलं, हे मला कळायला लागलं ते परतवाड्याला, आजोळच्या माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडल्यावर. म्हणून आज रसायन बाजूला ठेवून इतिहास सांगते. वाचताना एकच प्रश्न मनात ठेवा: आजाराचं कारण ठरवलं कोणी, आणि कोणत्या पुराव्यावर?

पेटीतली फिल्म

१९८८ सालची गोष्ट. माझा मामा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता आणि परतवाड्यात एका आरामशीनवर कामाला जायचा. मेळघाटच्या पायथ्याचं गाव, लाकडाचा बाजार, तेव्हा हाच धंदा जोरात. एका सकाळी त्याचा डावा हात आपोआप झटके द्यायला लागला, मग चेहरा ओढला गेला आणि तो खाली पडला. मशीन बंद होती म्हणून वाचला. कोणी नाकाला चप्पल लावली, कोणी कांदा फोडला. आजी अजूनही सांगते, "त्याले बाहेरचं लागलं व्हतं." पहिले दोन महिने उतारे आणि ताईत यांत गेले.

दुसऱ्यांदा फिट आली तेव्हा एका नातेवाइकाने त्याला मोठ्या शहरात नेलं. तिथे सीटी स्कॅन झाला. शिरेतून औषध देऊन काढलेल्या त्या फिल्ममध्ये मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागात हरभऱ्याएवढं एक पांढरं वलय दिसतं. डावा हात, उजवा मेंदू. जागा बरोबर जुळत होती. निदान झालं: मेंदूत टीबीची गाठ. फिटच्या गोळ्यांसोबत टीबीची औषधं सुरू झाली. लघवी नारंगी झाली, भूक गेली, काम सुटलं. पण काही महिन्यांनी परत स्कॅन केला तर वलय गायब. सगळ्यांनी देवापुढे नारळ फोडला. टीबीच्या औषधाने गाठ विरघळली, म्हणजे टीबीच होता. यात शंका घ्यायला जागा तरी कुठे होती?

गाठ गेली, पण "टीबी" हा शब्द घरात राहिला. मामाचा ग्लास वेगळा, ताट वेगळं. लग्नाच्या दोन गोष्टी जमत आल्या आणि मोडल्या. एकदा मिरगीमुळे, एकदा टीबीमुळे.

ती फिल्म मी उजेडात धरली तेव्हा माझ्या पोटात कसंतरी झालं. कारण ते वलय मी ओळखत होते. पुस्तकातून, पेपरांतून. त्याची स्वतःची एक गोष्ट आहे आणि ती बरीचशी भारतात घडलेली आहे. तिच्याकडे येण्याआधी थोडं मागे जावं लागेल.

चुकीचं कारण, बरोबर औषध

अपस्मार हा शब्दच बघा. स्मृती जाणं, भान हरपणं, असा त्याचा अर्थ. चरकसंहितेत या आजारावर निदानाचा आणि चिकित्सेचा असे वेगवेगळे अध्याय आहेत आणि दोषांनुसार चार प्रकार सांगितले आहेत. ग्रीसमध्ये इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमारास हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या एका ग्रंथात म्हटलं होतं की या आजाराला पवित्र म्हणतात खरं, पण तो इतर आजारांइतकाच नैसर्गिक आहे आणि त्याचं मूळ मेंदूत आहे. म्हणजे "बाहेरचं लागलं" याला उत्तर देऊन दोन हजारांहून जास्त वर्षं झाली. तरीही महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, आणि त्यात भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं, बांधून ठेवणं, मिरचीची धुरी देणं हे गुन्हे म्हणून लिहावे लागले. ज्ञान असणं आणि ते पोचणं यांत किती अंतर असतं, त्याचा हा एक अंदाज.

आता आधुनिक औषधांकडे या. पहिलं उपयोगी औषध ब्रोमाइड. १८५७ मध्ये लंडनचे डॉ. चार्ल्स लोकॉक यांनी त्याचा उल्लेख केला. त्यांनी ते का दिलं? तेव्हा अपस्माराचा संबंध कामवासनेशी जोडला जायचा, आणि ब्रोमाइडने ती कमी होते असा समज होता. कारण साफ चुकीचं, पण फिट खरोखर कमी झाल्या. १९१२ मध्ये जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान यांनी फिनोबार्बिटल झोपेचं औषध म्हणून वापरलं आणि रुग्णांच्या फिट कमी झाल्याचं त्यांच्या लक्षात आलं. हे औषध आजही वापरात आहे, आणि सगळ्यांत स्वस्त औषधांपैकी एक आहे.

१९३८ मध्ये पहिल्यांदा कोणीतरी ठरवून शोधलं. अमेरिकेत मेरिट आणि पुटनम यांनी मांजरांना विजेचा झटका देऊन फिट आणली आणि एकेक संयुग तपासलं. त्यातून फेनिटॉइन मिळालं. गुंगी न आणता फिट थांबवता येते, हे त्यातून सिद्ध झालं. प्राण्यात फिट आणायची आणि औषध तपासायचं ही जी पद्धत मी आज माशांवर वापरते, तिची मुळं तिथे आहेत.

आणि मग व्हॅल्प्रोएट. ही गोष्ट मी प्रत्येक ज्युनियरला सांगते. १९६२ च्या सुमारास फ्रान्समध्ये पिएर एमार काही नवीन संयुगं तपासत होते. ती पाण्यात विरघळेनात, म्हणून त्यांनी व्हॅल्प्रोइक ॲसिडमध्ये विरघळवली. हे द्रव १८८२ पासून माहीत होतं आणि ते निष्क्रिय समजलं जायचं. गंमत अशी की जे तपासावं ते संयुग फिट थांबवत होतं. सगळीच कशी चालतील? शेवटी नुसतं सॉल्व्हंट तपासलं. औषध तेच होतं! तुमच्या प्रयोगात "व्हेइकल कंट्रोल" नावाचा एक कंटाळवाणा गट असतो ना, ज्यात फक्त सॉल्व्हंट देतात? तो गाळावासा वाटला की एमार आठवा.

नाहीसं होणारं वलय

आता परत मामाच्या फिल्मकडे. भारतात सीटी स्कॅन आला तसं डॉक्टरांना एक नवीनच चित्र दिसायला लागलं. तरुण माणूस किंवा लहान मूल, अंगाच्या एका बाजूला फिट, बाकी प्रकृती ठणठणीत, आणि स्कॅनमध्ये एक छोटं वलय किंवा चकती. टीबी आपल्याकडे घरोघरी माहीत असलेला आजार, मेंदूत त्याच्या गाठीही होतात. त्यामुळे ही टीबीची गाठ असणार असं धरून औषधं दिली जायची. वलय काही महिन्यांत नाहीसं व्हायचं आणि निदान पक्कं व्हायचं. मामाच्या डॉक्टरांनी तेव्हाच्या समजुतीप्रमाणेच केलं, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

१९८७ मध्ये पुण्याचे डॉ. आर. एस. वाडिया आणि त्यांचे सहकारी मखळे, केळकर आणि ग्रँट यांचा शोधनिबंध इंग्लंडच्या न्यूरॉलॉजीच्या एका मोठ्या नियतकालिकात आला. विषय होता भारतातला फोकल, म्हणजे मेंदूच्या एका ठिकाणाहून सुरू होणारा, अपस्मार आणि सीटीत दिसणारी ही वलयं आणि चकत्या. आपल्या ओपीडीत रोज दिसणारी गोष्ट नीट नोंदवून जगापुढे मांडणं हेही संशोधनच आहे, हे इथे लक्षात घ्या. पाश्चात्त्य पुस्तकांत या चित्राला धड नाव नव्हतं. प्रश्न आपला होता आणि तो आपल्यालाच विचारावा लागणार होता. दिल्लीतही तेव्हा हाच प्रश्न चर्चेत होता: ही गायब होणारी वलयं टीबीची की आणखी कशाची?

उत्तर वेल्लोरला मिळालं. तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. मॅथ्यू चांडी, डॉ. वेदांतम राजशेखर आणि सहकाऱ्यांनी काही रुग्णांमधली अशी वलयं शस्त्रक्रियेने बाहेर काढली आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. बहुतेकांत टीबी नव्हता. फीतकृमीची मरत असलेली अळी, किंवा तिचे अवशेष होते. १९८९ मध्ये हे द लॅन्सेटमध्ये आलं. मामा तेव्हा नुकताच टीबीच्या गोळ्यांतून मोकळा झाला होता.

यंत्रणा समजून घ्या, म्हणजे चूक का झाली ते कळेल. फीतकृमीची अंडी दूषित अन्नपाण्यातून पोटात जातात, त्यातून निघालेली अळी रक्तातून मेंदूत पोचते आणि तिथे गपचूप राहते. ती जिवंत असेपर्यंत शरीराच्या संरक्षण यंत्रणेला फारसा पत्ता लागत नाही. ती मरायला लागते तेव्हा तिथे दाह होतो, सूज येते, तेच वलय दिसतं आणि त्याच सुजेमुळे फिट येते. पुढे अळी विरघळते किंवा तिचा चुन्याचा ठिपका उरतो. म्हणजे वलय टीबीच्या औषधाने जायचं नव्हतं. ते आपोआपच जाणार होतं. औषध देणं आणि वलय जाणं या दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या आणि सगळ्यांनी पहिलीला दुसरीचं कारण ठरवलं. औषध न देता वाट पाहिलेला एक गट कोणी ठेवला असता, तर हे कितीतरी लवकर कळलं असतं.

आणखी एक. टीबीच्या औषधांतलं रिफाम्पिसिन यकृतातली एन्झाइम वाढवतं आणि फेनिटॉइनसारखं फिटचं औषध रक्तातून लवकर संपवतं. म्हणजे नको असलेलं औषध हव्या असलेल्या औषधाच्या पायात पाय घालत होतं.

याचा अर्थ प्रत्येक वलय अळीचंच असतं असा नाही. टीबीची गाठ खरीही असते आणि ती चुकली तर जिवावर बेतते. म्हणून वेल्लोरच्या मंडळींनी फरक करायचे निकष बांधले: वलय २० मिलिमीटरपेक्षा लहान आहे का, मेंदूची मधली रेषा सरकली आहे का, डोक्यातला दाब वाढला आहे का, हातापायाची शक्ती हळूहळू जाते आहे का. साधे निकष, पण त्यामुळे पुढच्या किती जणांची कवटी उघडायची वाचली असेल, विचार करा. पुढे त्याच जिल्ह्यात पाहणी झाली तेव्हा चालू अपस्माराच्या साधारण एक तृतीयांश रुग्णांत मूळ या अळीत सापडलं.

इथे एक गैरसमज दूर करते. "आम्ही माळकरी, आम्हाला हा आजार कसा?" असं लोक विचारतात. अळी असलेलं डुकराचं मांस कच्चं खाल्लं तर आतड्यात फीतकृमी होतो. मेंदूत अळी होते ती मात्र कृमीची अंडी पोटात गेल्याने, आणि ती अंडी येतात कृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतून. न धुतलेला हात, न धुतलेली कोथिंबीर पुरेशी आहे. त्यामुळे आयुष्यात मांस न खाल्लेल्यालाही हे होतं.

कायद्याने चिकटवलेलं कारण

चुकीचं कारण फक्त दवाखान्यातच चिकटत नाही. मुंबई उच्च न्यायालयापुढे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला एक खटला आला होता: लग्नाआधी बायकोचा अपस्मार लपवला, ही फसवणूक मानून लग्न रद्द करावं का? न्यायालयाने सांगितलं की बऱ्या होऊ शकणाऱ्या अशा आजाराबद्दल न सांगणं म्हणजे कायद्याने फसवणूक ठरत नाही. पण १९७६ मध्ये हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती झाली आणि लग्नाच्या अटींमध्ये वेडाचे किंवा अपस्माराचे वारंवार झटके येणारी व्यक्ती नसावी, असे शब्द आले. वेड आणि अपस्मार एकाच ओळीत! विज्ञानाने ज्यांना केव्हाच वेगळं केलं होतं, त्यांना कायद्याने परत एकत्र बांधलं.

१९७० मध्ये स्थापन झालेल्या इंडियन एपिलेप्सी असोसिएशनने याचा पाठपुरावा केला. मुंबईचे डॉ. एडी भरुचा आणि बंगळूरचे डॉ. के. एस. मणी ही या संघटनेतली मोठी नावं. शेवटी १९९९ मध्ये "अपस्मार" हा शब्द त्या कलमातून निघाला. तेवीस वर्षं लागली. पुण्याच्या संवेदना फाउंडेशनने तर अपस्मार असलेल्यांसाठी वधूवर मंडळ चालवलं. बायोडेटात मिरगी लपवावी लागू नये, इतकीच त्यामागची साधी गरज. मामाच्या मोडलेल्या सोयरिकी आठवल्या की मला याचं मोल कळतं.

आधी मोजा

संशोधनाला लागताना तुम्हाला कंटाळवाणं वाटेल असं आणखी एक काम म्हणजे मोजणी. १९८८ मध्ये मुंबईच्या पारशी वसाहतींमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. डॉ. नादिर भरुचा, डॉ. एडी भरुचा आणि सहकाऱ्यांनी सुमारे १४,००० लोकांची घरोघरी जाऊन पाहणी केली. चालू अपस्माराचं प्रमाण हजारी ३.६ आलं. १९९९ मध्ये भारतातल्या अशा अनेक पाहण्या एकत्र करून काढलेला आकडा हजारी साडेपाचच्या आसपास होता.

आकडा छोटा वाटतो? गुणाकार करून बघा. हजारी पाच धरले तरी २०११ च्या जनगणनेनुसार एक लाखाहून जास्त वस्तीच्या आमच्या अचलपूर-परतवाड्यात पाचशेच्या वर माणसं. अमरावती जिल्ह्यात चौदा हजारांच्या घरात. मी लहानपणापासून इथे राहते आणि मला माहीत असलेली माणसं तीन. बाकीची कुठे आहेत? घरात आहेत. शाळा सोडून, लग्न टाळून, विहिरीवर आणि चुलीपाशी एकटं जाऊ न देता. पाहणीचं खरं काम हे असतं, न दिसणारी माणसं दिसायला लावणं.

यातल्या ज्यांना उपचार मिळायला हवेत पण मिळत नाहीत, त्यांच्या प्रमाणाला ट्रीटमेंट गॅप म्हणतात. भारतातल्या अभ्यासांत शहरी मध्यमवर्गात तो सुमारे २२ टक्के तर काही खेड्यांत ९० टक्क्यांपर्यंत आढळला आहे. आणि औषध अवघड आहे म्हणून हे होतं असंही नाही. डॉ. मणी यांनी कर्नाटकातल्या येळंदूर तालुक्यात फिनोबार्बिटल आणि फेनिटॉइन या जुन्या, स्वस्त औषधांनी खेड्यातल्या रुग्णांवर उपचार केले आणि बऱ्याच जणांच्या फिट आटोक्यात आणून दाखवल्या. २००१ मध्ये ते द लॅन्सेटमध्ये आलं. औषध जवळपास नव्वद वर्षांपूर्वीचं, आणि शोधनिबंध नवा, कारण प्रश्न नवा होता.

पुढे काय?

आता भविष्याकडे. इथे तुमच्यासाठी कामं आहेत, म्हणून जरा लक्ष द्या.

पहिला प्रश्न औषधांना न जुमानणाऱ्या अपस्माराचा. २००० मध्ये ग्लासगोच्या क्वान आणि ब्रोडी यांनी दाखवलं की पहिल्याच औषधाने ४७ टक्के रुग्णांच्या फिट थांबतात, दुसऱ्याने आणखी १३ टक्के आणि त्यापुढे फक्त ४ टक्के. एकूण ६४. त्यानंतर कितीतरी नवीन औषधं आली. २०१८ मध्ये त्याच केंद्रातल्या १,७९५ रुग्णांचा हिशेब आला: ६३.७ टक्के. दुष्परिणाम कमी झाले, निवड वाढली, पण बऱ्या होणाऱ्यांचा आकडा जागचा हलला नाही.

का? एक कारण आमच्या प्रयोगशाळेतच आहे. आपण निरोगी प्राण्याला झटका देऊन फिट आणतो आणि ती थांबवणारं औषध निवडतो. म्हणजे फिट दाबणारी औषधंच चाळणीतून निघतात. मुळात मेंदू अपस्मारी का बनतो, हे त्या चाळणीत दिसतच नाही. लेव्हेटिरासिटामचं उदाहरण घ्या. आज सर्रास वापरलं जाणारं हे औषध नेहमीच्या दोन्ही चाचण्यांत नापास होतं, विजेच्या झटक्याच्याही आणि पेंटिलीनटेट्राझोलच्याही. ज्या प्राण्यांचा मेंदू हळूहळू अपस्मारी बनवला होता, त्यांच्यात ते चाललं. मी माशांना देते ते रसायन पेंटिलीनटेट्राझोलच आहे. माझ्या चाळणीतून लेव्हेटिरासिटाम फेकलं गेलं असतं का, हा प्रश्न मी माझ्या प्रबंधात आता पहिल्या प्रकरणात लिहिला आहे. डोक्याला मार लागल्यावर, मेंदूज्वरानंतर, किंवा त्या अळीच्या ठिपक्यापाशी अपस्मार रुजतो कसा आणि तो रुजण्याआधी रोखता येईल का, ही पुढची मोठी दिशा आहे.

दुसरी दिशा जनुकांची. २००१ मध्ये ड्राव्हेट सिंड्रोम या लहान मुलांच्या गंभीर अपस्मारात सोडियम चॅनेलचं एससीएन१ए हे जनुक सापडलं. त्यातून हेही कळलं की सोडियम चॅनेल अडवणारी नेहमीची काही औषधं या मुलांचा त्रास वाढवू शकतात. कारण कळलं की औषध बदलतं, ते असं.

तिसरी, जे उपचार सिद्ध झाले आहेत ते पोचवण्याची. दिल्लीच्या एम्समध्ये औषधांना दाद न देणाऱ्या ११६ मुलांवर अभ्यास झाला, २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७७ टक्के फिटमुक्त होती, फक्त औषधांवर राहिलेल्यांपैकी ७ टक्के. मुंबईत केईएम रुग्णालयात अशी शस्त्रक्रिया सरकारी दरात होते. किटोजेनिक आहार हा १९२१ चा अमेरिकेतला उपाय, मुंबईत डॉ. जनक नाथन यांनी तो नव्वदच्या दशकात आपल्या जेवणात बसवायला घेतला. डॉ. निर्मल सूर्या यांच्या एपिलेप्सी फाउंडेशनने जिल्ह्याजिल्ह्यांत शिबिरं घेतली. पण मेळघाटातल्या पाड्यावरून धारणीला येणाऱ्या बाईला दर महिन्याला गोळ्या मिळतील का, हा शस्त्रक्रियेच्या आधीचा प्रश्न आहे. महिनाभर गोळ्या चुकल्या की सगळं परत पहिल्यासारखं.

चौथी दिशा मला सगळ्यांत जवळची: अपस्मार होऊच न देणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते साधारण एक चतुर्थांश अपस्मार टाळता येण्याजोगा आहे. जन्मताना श्वास गुदमरणं, नवजात बाळाचा जंतुसंसर्ग, मेंदूज्वर, डोक्याला मार, फीतकृमी ही त्याची कारणं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि १९९९ मध्ये दाखवलं की नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त कमी होतात. पुढे हेच काम देशभरातल्या आशाताईंकडे आलं. त्यांनी अपस्मारावर संशोधन केलं नव्हतं. पण गुदमरलेलं बाळ वेळेवर श्वास घेतं तेव्हा एखादा अपस्मारही टळत असेल का, हे मोजण्यासारखं आहे. फीतकृमीच्या बाबतीत तर डुकरांसाठीची लस भारतात, हैदराबादला बनते. लस, कृमीचं औषध आणि संडास या तिन्हींचा मिळून एखाद्या तालुक्यात काय परिणाम होतो, हा विषय प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, संख्याशास्त्र, समाजशास्त्र यांतल्या कोणालाही घेता येईल.

शेवटी मामा

मागच्या दिवाळीत मी मामाला हे सगळं सांगितलं. तो आता इलेक्ट्रिकचं दुकान चालवतो, फिट येऊन तीस वर्षं झाली. मी सांगताना जपून बोलले. एका फिल्मवरून, गाठ बाहेर काढून तपासल्याशिवाय, कोणीच छातीठोक सांगू शकत नाही. तशी शक्यता जास्त आहे, एवढंच मला म्हणता येतं. त्याने बराच वेळ फिल्म हातात धरली. मग म्हणाला, "म्हंजे मले टीबी नवताच? मंग त्या गोया कायले खाल्ल्या म्या?"

याला माझ्याकडे एका वाक्याचं उत्तर नव्हतं. मग मी त्याला पुण्याचं, वेल्लोरचं सांगत बसले. चहा आला. मामीने त्याचा तो वेगळा, कड वाकलेला स्टीलचा ग्लास आणला, नेहमीप्रमाणे. त्याने तो बाजूला सरकवला आणि माझ्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून घेतला.

तुम्ही सिनॉप्सिस लिहाल तेव्हा रिसर्च गॅप जरूर शोधा, ताजे पेपर वाचा. पण आपल्या विषयात कोणतं कारण फार लवकर, फार सोयीने ठरवलं गेलं आहे, हेही एकदा तपासा. "उपचार केला आणि बरं वाटलं" यापलीकडे त्याला पुरावा आहे का? कंट्रोल गट होता का? मोजणी कोणाची झाली आणि कोणाची राहिली? या प्रश्नांना महागडं यंत्र लागत नाही. आणि त्यांची उत्तरं ज्यांना हवी आहेत ती माणसं कदाचित तुमच्याच घरात, वेगळ्या ग्लासातून चहा पीत असतील.